ऐकायला चालतो, बोलायला बसतो

गाडीत बसवायचा वायरलेस सेट घरच्या विजेवर कसा चालवायचा, हा प्रश्न ज्याला पडतो त्याच्याकडे बहुधा गाडी उरलेली नसते. सेट असतो, मायक्रोफोन असतो, जाडजूड लाल-काळी वायर असते, सरकारी परवाना प्लास्टिकच्या पाकिटात घालून ठेवलेला असतो, आणि गाडी जावयाने नेलेली असते. आमच्या काकांचं तसंच झालं. जीप गेली, जाताना तिच्यातला सेट तेवढा काढून घेतला, आणि निवृत्त शिक्षकाच्या टेबलावर एक असं यंत्र येऊन बसलं की ज्याची वायर घरातल्या एकाही बोर्डात खुपसता येत नव्हती.

काकांचं गाव गुडीहत्नूर. आदिलाबादहून निर्मलकडे निघालं की हायवेवर लागतं. उटनूरचा रस्ता इथूनच फुटतो, त्यामुळे पौषात केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेला जाणारी माणसं इथे वळतात, चहा पितात आणि रस्ता विचारतात. पाट्या तेलुगूत, व्यवहार मराठीत, भांडण दखनीत, आणि गाडीच्या पार्टांची नावं मात्र सगळ्यांची एकच. हा रस्ता श्रीनगरहून निघून कन्याकुमारीला जातो. कागदावर तो आता 44 नंबरचा आहे, पण जुन्या माणसांच्या तोंडी अजून ‘सात नंबर’च.

या रस्त्यावरून रात्रंदिवस ट्रक जातात आणि एकाच्याही केबिनमध्ये वायरलेस नाही. अमेरिकेत 1973 साली तेलाची टंचाई झाली, सरकारने ताशी 55 मैलांची मर्यादा घातली, आणि तिथल्या ट्रकवाल्यांनी एकमेकांना पंप कुठे उघडा आहे आणि पोलीस कुठे दडलाय हे कळवायला गाडीत सीबी रेडिओ बसवून घेतले. गर्दी इतकी झाली की 1977 मध्ये तिथे 23 चे 40 चॅनेल करावे लागले. आपल्याकडेही 2005 पासून 27 मेगाहर्ट्झच्या त्या पट्ट्यात पाच वॅटपर्यंतचा सेट परवान्याशिवाय चालवता येतो. पण आपल्या ट्रकवाल्याला त्याची गरजच पडली नाही. त्याला हॉर्न होता, डिपर होता, आणि ढाब्यावर बाज होती. पुढे पोलीस आहे हे समोरून येणारा दिव्याची एक उघडझाप करून सांगतो. त्याला बॅटरी वेगळी लागत नाही आणि परवानाही लागत नाही.

काकांचा सेट त्या जातीचा नव्हे. काका हॅम आहेत, म्हणजे परीक्षा देऊन, मोर्सचं कट्ट-कडकट्ट पाठ करून, सरकारकडून व्हीयूने सुरू होणारं नाव मिळवलेला हौशी माणूस. 1993 च्या सप्टेंबरअखेर किल्लारीला भूकंप झाला तेव्हा टेलिफोन आडवे पडले आणि हौशी रेडिओवाल्यांनी तिथून निरोप पोचवले, हे त्यांनी वाचलं आणि शाळा सुटल्यावरच्या वेळेचं काय करायचं ते ठरलं. पुढे 2001 ला भूजमध्ये तेच झालं. 2004 च्या त्सुनामीत तर नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅमॅच्युअर रेडिओच्या भारती प्रसाद आपलं पथक घेऊन आधीच पोर्ट ब्लेअरला गेलेल्या होत्या. हौस म्हणून मांडलेलं स्टेशन एका सकाळीत बेटांचा आधार झालं. काका हे सगळं सांगतात तेव्हा काकू मध्येच विचारतात, “गुडीहत्नूरला काय यायचंय म्हणे?” काका म्हणतात, “येऊ नये म्हणूनच.” या उत्तरावर काकूंना आजवर तोड सापडलेली नाही.

तर तो सेट. शंभर वॅटचा, जेवणाच्या डब्यापेक्षा थोडा मोठा, सकाळच्या वेळी सात मेगाहर्ट्झवर लावला की नागपूर, पुणे, हैदराबाद शेजारच्या खोलीत बसल्यासारखे बोलतात. त्याच्या पुस्तकात पहिल्याच पानावर लिहिलंय: 13.8 व्होल्ट डीसी, पंधरा टक्के इकडे-तिकडे. म्हणजे खाली 11.7, वर 15.8. हा 13.8 आकडा कुणा शहाण्याने पंचांग बघून काढलेला नाही. गाडीच्या बॅटरीत सहा खण असतात, आणि भरलेली बॅटरी भरलेलीच ठेवायला प्रत्येक खणाला साधारण 2.3 व्होल्ट द्यावे लागतात. सहा गुणिले 2.3. गाडी चालू असताना डायनामो बॅटरीवर एवढंच ठेवतो. म्हणून गाडीत बसणाऱ्या प्रत्येक यंत्राला लहानपणापासून तेवढ्याची सवय. गाडी बंद केली की तीच बॅटरी 12.6 वर येते, तरी सगळे तिला ‘बारा’च म्हणतात.

आणि इथूनच गावाने हा प्रश्न आपल्या हातात घेतला.

आपल्याकडे डॉक्टरकीनंतर सगळ्यात जास्त लोकांना येणारी विद्या म्हणजे वायरमनकी. काकांनी फक्त शेजारी विचारलं होतं की बारा व्होल्टचं काही आहे का. संध्याकाळपर्यंत ओट्यावर बारा व्होल्टचं प्रदर्शन भरलं. आणि खरं सांगायचं तर मलाही तोवर कल्पना नव्हती की एका साध्या गावातल्या साध्या घरात किती बारा व्होल्ट राहतात. डिशच्या डब्याचा अडॅप्टर बारा व्होल्टचा. वायफायच्या डब्याचा बारा व्होल्टचा. किराणा दुकानाच्या कॅमेऱ्याचा बारा व्होल्टचा. कपाशीवर फवारा मारायच्या पंपात बारा व्होल्टची बॅटरी. रानडुकरं येऊ नयेत म्हणून धुऱ्यावर लावलेल्या झटका मशीनची बॅटरी बारा व्होल्टची. ट्रॅक्टरची बारा व्होल्टची. आणि घरोघरी जिन्याखाली, जुन्या चपला आणि लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्याशेजारी, इन्व्हर्टरची ती धूड बॅटरी, तीही बारा व्होल्टचीच. घरच्या विजेवर म्हणजे भिंतीतल्या तीन भोकांच्या विजेवर, असं आपण समजत होतो. प्रत्यक्षात निम्मं घर गाडीच्याच विजेवर चाललेलं असतं, फक्त गाडी दिसत नाही.

पहिला मान डिशच्या अडॅप्टरचा. काळ्या डबीवर 12 व्होल्ट लिहिलेलं, त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरात 1.5 अँपिअर. वायर सोलून जोडली. सेटवर पिवळा दिवा लागला, आकडे उमटले, आणि भोंग्यातून खरखरीत गुंडाळलेला एक पुणेरी आवाज आला. अख्खा ओटा खूश. “पाहा, झालं ना! उगाच दुकानात गेले असते सार.” मग काकांनी मायक्रोफोन उचलला, बटण दाबलं, आणि सेट मेला. बटण सोडलं, सेट जिवंत. दाबलं, मेला.

ग्रामसभेत अशी माणसं असतात. तीन तास मान हलवून ऐकतात, आणि ‘तुमचं काय म्हणणं’ असं विचारलं की उठून पाणी प्यायला जातात.

कारण सोपं आहे, पण गावाच्या गळी उतरायला त्याला बराच वेळ लागला. ऐकताना हा सेट दीड-दोन अँपिअर घेतो. बोलताना वीस-बावीस. सगळे विचारत होते किती व्होल्ट. किती अँपिअर हे कुणीच विचारत नव्हतं. व्होल्ट सगळ्यांना दिसतात, मोठ्या अक्षरात छापलेले असतात. अँपिअर खाली, बारीक, आणि मागितल्याशिवाय कळत नाहीत.

त्यातही या सेटची एक गंमत आहे. तो आवाजाच्या चढउताराप्रमाणे वीज ओढतो. बटण दाबून गप्प बसलं तर थोडी, आणि तोंड उघडलं की काटा उडी मारतो. काकांनी चाळीस वर्षं शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवण्यात घालवली आहेत. हळू बोलणं त्यांच्या अभ्यासक्रमात नव्हतं. ‘सीक्यू, सीक्यू’ अशी हाक त्यांनी दिली की अँपिअरचा काटा पहिल्या अक्षराला आठावर आणि ‘क्यू’ला एकवीसवर. आकार-ऊकार लांबवले की जास्त वेळ वरच. व्याकरणाचा आणि विजेचा इतका थेट संबंध मी तरी आजवर पाहिला नव्हता.

फवारणी पंपवाला मागे हटला नाही. “गुरुजी, काऊन टेन्शन घेऊन राहिले? आपल्या पंपाची बॅटरी लावा ना. दिवसाचे दहा-बारा पंप मारते ते.” ती आठ अँपिअर-अवरची बॅटरी लावली. ऐकणं झकास. बोलायला घेतलं तर पहिलं ‘सीक्यू’ कसंबसं गेलं, दुसऱ्याला सेटच्या पडद्यावरचे आकडे फिके झाले, तिसऱ्याला अंधार. कुणीतरी पोराच्या लॅपटॉपचा अडॅप्टर घेऊन आलं. त्यावर 19 व्होल्ट होते. त्याचं म्हणणं, “जास्त दिलं तर जास्त चालंल.” काकांनी तो अडॅप्टर त्याच्या हातात परत ठेवला आणि त्या माणसाला सेटपासून दूर, तुळशीजवळ बसवलं. 15.8 च्या वर गेलं की या यंत्राच्या पोटातलं काय काय जाईल ते सांगता येत नाही, आणि दुरुस्तीला द्यायचं तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपर्यंत नाहीतर हैदराबादला कोटीच्या गुजराती गल्लीपर्यंत पोतडी घेऊन हिंडावं लागतं.

मग भाची सुट्टीवर आली. ती इंजिनिअरिंगला आहे, शाखा वेगळी आहे, पण घरात इंजिनिअर म्हटला की मिक्सरपासून बोअरवेलपर्यंत सगळं त्याच्याच शाखेत येतं. तिने बंद पडलेल्या कॉम्प्युटरमधला पॉवर सप्लाय बाहेर काढला. त्यातून रंगीबेरंगी वायरींचा झुपका निघतो. हिरवी वायर काळीला टेकवली की पंखा फिरायला लागतो, पिवळीवर बारा व्होल्ट येतात. हे एवढं करून दाखवल्यावर ओट्यावर तिचा भाव वाढला. काकांनी बटण दाबलं. सेट मेला नाही! ‘सीक्यू’ म्हणाले. ‘टक्’ असा आवाज आला आणि पंखा थांबला. डब्याला वाटलं कुठेतरी शॉर्ट झालंय, आणि त्याने स्वतःला वाचवण्यासाठी सगळं बंद केलं. वाचवण्याचं काम तो चोख करतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण एवढ्यात दुसरी गोष्ट लक्षात आली. तो चालू असताना पुणं-नागपूर ऐकूच येत नव्हतं. नुसती खरखर. असले डबे विजेचे सेकंदाला हजारो तुकडे करून पुन्हा जोडतात, आणि त्या तुकड्यांचा कचरा थेट सात मेगाहर्ट्झवर येऊन पडतो. चांगल्या बनावटीच्या सप्लायला ही खोड कमी असते, स्वस्तातल्याला जास्त.

यावर जुन्या पठडीतल्या मेकॅनिकांचं उत्तर ठरलेलं: ट्रान्सफॉर्मर. आदिलाबादला एक होते, त्यांनी बांधून दिला. अठरा व्होल्टचं वाइंडिंग, ब्रिज रेक्टिफायर, डालड्याच्या डब्यासारखे दिसणारे कंडेन्सर आणि मागे अ‍ॅल्युमिनियमच्या पाख्यांवर ओळीने बसवलेले तीस-पंचावन्न. ‘टू एन थ्री झिरो डबल फाइव्ह’ असं पूर्ण नाव घेणारा माणूस मेकॅनिक नसतो, तो पुस्तक वाचून आलेला असतो. धंद्यातले ‘तीस-पंचावन्न’च म्हणतात. या पेटीचं वजन इतकं की दोघांनी उचलून आणली आणि ठेवल्यावर टेबलाने बाक घेतला. पण सप्लाय असा शांत की जणू मौनव्रत. खरखर नाही, काही नाही. काका बोलले, काटा एकवीसवर गेला, व्होल्ट जागचे हलले नाहीत. काकूंनी पेढे मागवायला हरकत नाही असं सुचवलं.

पेढे आले असते. पण दिवस मावळला.

दिवे लागले, टीव्ही लागले, आणि शिवारात मोटारी चालू झाल्या. 1 जानेवारी 2018 पासून तेलंगणात शेतीला चोवीस तास वीज आहे, आणि चोवीस तास आहे म्हणून कुणी चोवीस तासांत वाटून घेत नाही. ज्याच्या त्याच्या मनाला येईल तेव्हा सगळे एकदमच घेतात. डीपी एक, मोटारी अनेक. दोनशे तीसची लाइन एकशे सत्तरवर येऊन बसली. आता दोनशे तीसला अठरा देणारा ट्रान्सफॉर्मर एकशे सत्तरला तेरा-सव्वातेरा देतो, त्यातून 13.8 बाहेर काढायचे म्हणजे उसनवारीच. काकांच्या आवाजामागे ‘ऊंऽऽऽ’ असा सूर लागला. पुण्याच्या स्टेशनने अदबीने विचारलं, “सर, आपल्याकडे भजन चालू आहे का?” लाइनमनला विचारलं तर तो डीपीकडे बोट दाखवून म्हणाला, “अन्ना, करंट आहे ना? मग?” त्याच्या दृष्टीने वीज दोनच प्रकारची असते: आहे आणि नाही. मधलं काही सरकारी नोंदीत नाही.

भाचीने इथे हळूच सांगितलं की कॉम्प्युटरच्या डब्याला एकशे सत्तर झाले काय नि दोनशे चाळीस झाले काय, फरक पडत नाही. म्हणजे जो शांत होता त्याला लाइन सोसवत नव्हती आणि ज्याला लाइन सोसवत होती तो शांत नव्हता. घरात सुनेबद्दल आणि जावयाबद्दल होणाऱ्या चर्चा साधारण याच मुद्द्यावर येऊन थांबतात, त्यामुळे ओट्यावर बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

वायरीचंही एक प्रकरण झालं. सेट खिडकीपाशी, सप्लाय कोपऱ्यात, मध्ये तीन मीटर अंतर. दुकानदाराने घरगुती एक एमएमची वायर दिली, “बल्ब, पंखा, सगळं चालते याच्यावर.” चालतंच. पण दोनशे तीस व्होल्टच्या पंख्याला अर्धा अँपिअरही लागत नाही. बारा व्होल्टच्या या राक्षसाला वीस लागतात. तीन मीटर जाऊन तीन मीटर परत यायचं, म्हणजे सहा मीटर तांबं. त्यात वीस अँपिअरला दोन व्होल्टच्या वर वाटेतच खर्च. तेरा पूर्णांक आठ निघाले की अकरा पूर्णांक सहा पोचतात, आणि सेटच्या पुस्तकातली खालची हद्द अकरा पूर्णांक सात. एका दशांशासाठी बोलणं बंद! शिवाय वायर गरम झाली ती वेगळीच. काकूंनी तिला हात लावून पाहिला आणि दुसऱ्या दिवशी दुकानदाराला सहा एमएमची वायर काढायला लावली. तिला अर्ध्या व्होल्टपेक्षा कमीच टोल द्यावा लागतो.

मध्ये एक दिवस इन्व्हर्टरचाही झाला. खरं तर तो सगळ्यात आधी सुचायला हवा होता. रीतसर फ्यूज घालून, बॅटरी मेनच्या लाइनपासून वेगळी आहे ना हे मीटरने पाहून, काकांनी जिन्याखालच्या दीडशे अँपिअर-अवरच्या बॅटरीलाच सेट जोडला. वीस अँपिअर तिला काहीच नाहीत. उत्तम चाललं, ऊंऽऽ नाही, बसणं नाही. मग लाइट गेली. इन्व्हर्टर कामाला लागला, त्याने स्वतःची गुरगुर सुरू केली, आणि ती सात मेगाहर्ट्झवर अशी ऐकू आली की शेजारच्या खोलीत पिठाची गिरणी. वर मालिकेत नेमकी नायिका जिना उतरत असताना बॅटरी संपल्याची पिप् पिप् झाली. काकूंनी सेटच्या लाल वायरीकडे पाहिलं. बोलल्या काहीच नाहीत. रात्री जेवण वाढताना मात्र म्हणाल्या, “इन्व्हर्टर माझ्या भावाने दिलाय.” प्रकरण मिटलं.

(आमच्या लहानपणी प्रश्न उलटा असायचा, हे इथे सांगायलाच हवं. 1987 साली दर रविवारी सकाळी रामायण लागायचं आणि लाइट नेमकी तेव्हाच जायची. मग ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणायची आणि चौदा इंची काळ्या-पांढऱ्या टीव्हीच्या पाठीमागे जोडायची. त्यांना बारा व्होल्टचं भोक असायचंच. घरातल्या वस्तू गाडीच्या विजेवर चालवायचा हुनर गावोगाव होता. एवढ्या वर्षांत आपण पुढे आलो ते इतके की गाडीतली वस्तू घरच्या विजेवर चालेना.)

शेवटी उत्तर आलं ते न बोलावलेल्या माणसाकडून. काकांचे जुने विद्यार्थी असलेले एक जमादार, पोलिसांच्या वायरलेसमध्ये उभी नोकरी काढलेले, लग्नाची पत्रिका द्यायला आले. टेबलावरची ट्रान्सफॉर्मरची पेटी, कॉम्प्युटरचा डबा, सोललेल्या वायरी असं सगळं बघत त्यांनी चहा संपवला. मग विचारलं, “सार, हे कायले?” सांगितलं. ते हसले.

“सेटले घरची करंट द्याचीच नाई सार. सेटले बॅटरीची द्याची, अन् बॅटरीले घरची.”

ठाण्यात टेबलावर असतो तो वायरलेस सेट बहुधा जीपमध्ये असतो त्याच जातीचा. टेबलाखाली बॅटरी, बॅटरीला चार्जर, चार्जर भिंतीत. लाइन एकशे सत्तर होवो, जावो, डीपी उडो, सेटला त्याची वार्ता नसते. त्याच्या लेखी तो अजून जीपमध्येच बसलेला असतो.

यातली खरी मेख हिशेबाची आहे. बावीस अँपिअर लागतात हे खरं, पण कधी? बोलताना. आणि हॅम माणूस घंटाभर बसला तरी त्यातला बहुतेक वेळ ऐकण्यात जातो, कारण दुसरे हॅमही बोलतातच. काकांच्या तासाची सरासरी काढली तर चार-पाच अँपिअर पडते. म्हणजे बावीसचा सप्लाय बांधायची गरजच नव्हती. अचानक लागणारे बावीस बॅटरीने द्यायचे आणि दिवसभर सावकाश चार-पाच अँपिअर चार्जरने भरत राहायचे. मोठा खर्च अधूनमधून, छोटी भर रोज. शेतकऱ्याला हा हिशेब शिकवावा लागत नाही. वर्षाचं बियाणं एका दिवसात लागतं आणि पैसा आठवड्याला थोडा-थोडा येतो. गुडीहत्नूरच्या ओट्यावर तो एका मिनिटात पटला. आणि पंपवाल्याचा चेहरा फुलला. “मी काय सांगून राहिलो होतो? बॅटरीच!” तो म्हणाला होता हे खरं आहे. बॅटरी छोटी होती एवढंच.

आता काकांच्या टेबलाखाली ट्रॅक्टरची बॅटरी आहे, खिडकीकडच्या बाजूला, कारण चार्ज होताना ती गॅस सोडते आणि तिला वारा हवा. तिच्या टर्मिनलपासून वीतभर अंतरावर फ्यूज आहे, कारण शॉर्ट झाला तर बारा व्होल्टची बॅटरी शंभरावर अँपिअर हसत देते आणि पान्हा लाल करून सोडते. वायर सहा एमएमची. चार्जर दहा अँपिअरचा, ट्रान्सफॉर्मरवाला, सकाळी बोलायच्या वेळी बंद ठेवायचा. छतापासून कडुनिंबापर्यंत वीस मीटर तार ताणलेली आहे. पहिल्या सकाळी नागपूरने ‘पाच-नऊ’ दिले, म्हणजे पैकीच्या पैकी. पुण्याच्या स्टेशनने भजनाची चौकशी केली आणि बंद झाल्याचं कळल्यावर थोडी हळहळ व्यक्त केली. त्याच बोलण्यात लाइट गेली आणि आली, आणि काकांना ती गेल्याचं काकूंनी स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलं तेव्हा कळलं.

ट्रान्सफॉर्मरची पेटी दाराला अडसर म्हणून वापरात आहे. वाऱ्याने दार हलत नाही.

एकच गोष्ट काकांच्या हिशेबात धरलेली नव्हती. ‘गुरुजींकडे चार्जर हाय’ ही बातमी फवारणीच्या दिवसांत पसरायला वायरलेस लागत नाही. आधी पंपवाल्याने आपली बॅटरी आणून ठेवली, हक्काने. मग झटका मशीनवाला. मग एक दिवस ढकलत-ढकलत आख्खा ट्रॅक्टर. काकूंनी पहिले चार दिवस चहा दिला, पाचव्या दिवशी वहीत दर लिहून भिंतीला लावला: पंप दहा रुपये, झटका पंधरा, ट्रॅक्टर चाळीस, उधारी नाही. पोळ्याच्या आदल्या आठवड्यात इतकी रीघ लागली की काकांची स्वतःची बॅटरी तीन दिवस चार्जरला लागली नाही. त्यांनी विचारलं तेव्हा काकूंनी वही उघडून बोट ठेवलं. “तुमच्या आधी सहा जण आहेत. तोवर ऐका.”